अर्ध्या इंचाचा एक फूट

मंडळी, मागच्या महिन्यात या सदरात जुन्या साड्यांच्या गोधडीबद्दल लिहिलं, तेव्हा दोघातिघांनी विचारलं, "आमच्यासारख्या सुई न धरणाऱ्यांसाठी काही आहे का?" आहे. या वेळी पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि भंगारवाल्यानंही नको म्हटलेला कचरा. त्यातून मी आमच्या बाबांचं गॅरेज बांधलं. बारा इंच लांब, नऊ इंच रुंद.

खरं गॅरेज चोवीस फूट बाय अठरा फूट होतं. बेळगावात, खानापूर रोडच्या आतल्या अंगाला. बाबांनी ते अडतीस वर्षं चालवलं. मी तिथं शाळा सुटल्यावर डबा द्यायला जायचो आणि हात काळे व्हायच्या आत परत यायचो. पुढे शिकलो, नोकरीला लागलो. बाबांचे गुडघे गेले, नव्या गाड्यांना पाना लावण्याआधी संगणक लावावा लागायला लागला, तेव्हा घरात पहिल्यांदा मीच म्हणालो, "बाबा, विकून टाकूया." त्यांनी वाद घातला नाही. सही केली. त्यानंतर ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लागले. जाहिरातींसकट. बोलणं मात्र "चहा झाला का" एवढ्यावर आलं.

ताबा द्यायच्या आधी सामान काढायला मी एकटाच गेलो. शेगडा, चेनपुली, दोन जॅक, सगळं काट्यावर चढलं आणि किलोच्या भावानं गेलं. उरलेलं काहीबाही मी बिस्किटाच्या डब्यात भरलं : टायरच्या व्हॉल्व्हच्या टोप्या, तांब्याचे वायसर, जळलेल्या आर्मेचरची तार, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, फीलर गेजचं एक सुटं पातं. निघताना काय वाटलं कोण जाणे, टेप काढला आणि भिंती मोजल्या. दार, पिट, पत्र्याची उंची, खिडकीचे गज. मोबाइलवर चाळीसेक फोटो काढले. ही मापं घेतली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता कामाकडे येऊ. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात. हा शब्द चालू केला लुई दाग्येर यांनी, १८२२ साली पॅरिसमध्ये. पुढे फोटोग्राफीसाठी गाजले तेच हे. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येक पोरानं डायोरामा केलेलाच असतो. फक्त किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी चालतं. इथं चालत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, प्रमाण. मी १:२४ घेतलं. म्हणजे खरा एक फूट आपल्याकडे अर्धा इंच. हिशेब तोंडी होतो. चार फुटी ट्यूबलाइट दोन इंचांची, सहा फुटी माणूस तीन इंचांचा. एकदा हे डोक्यात बसलं की घरातला कचरा वेगळा दिसायला लागतो. व्हॉल्व्हची टोपी सुमारे आठ मिलिमीटर रुंद असते. चोवीसनं गुणा, एकोणीस सेंटिमीटर, म्हणजे ग्रीसचा छोटा डबा. इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच वीस मिलिमीटरचं, मधोमध भोक पाडलं की स्कूटरचा टायर. कान साफ करायच्या काडीची नळी म्हणजे ट्यूबलाइट. आणि सगळ्यात आवडलेलं : दारावरचं लिंबू. खरं लिंबू चार सेंटिमीटरचं धरलं तर आपलं दीड-पावणेदोन मिलिमीटरचं. म्हणजे मोहरीचा दाणा. पिवळा रंगवला, तारेत ओवला, खाली केरसुणीच्या काडीचे हिरवे तुकडे. मिरच्या तयार.

भिंती बुटांच्या खोक्याच्या. इथं पहिली फजिती झाली. मी काम सुरू केलं ऐन जुलैत, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. एका बाजूनं गोंद आणि रंग लावलेला पुठ्ठा सकाळी बघतो तर पापडासारखा वाकलेला. पुठ्ठ्याची एक बाजू ओली होऊन सुकताना आकसते आणि दुसरी तशीच राहते, म्हणून हे होतं. उपाय सोपा आहे. दोन थर घ्या, एकाच्या आतल्या लहरी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही बाजूंना सारखाच गोंदाचा हात द्या. मग दोन दिवस वजनाखाली ठेवा. मी शब्दकोश आणि त्यावर आईचा पाटा ठेवला. "वरवंटा पण ने की," आई म्हणाली.

गिलाव्याला आमच्या किल्ल्याची उरलेली लाल माती वस्त्रगाळ करून फेव्हिकॉलमध्ये कालवली आणि वरून पातळ चुना. कोपऱ्यात पोपडे हवे होते, तिथं टिश्यू पेपर चिकटवून अर्धवट ओढून काढला. शटरला बारीक लहरींचा पुठ्ठा. त्याचा वरचा कागद ओला करून सोलला की पट्ट्या दिसतात. छपराला थंड पेयाचा डबा कापून त्याचा पत्रा घेतला आणि जाड खिळे ओळीनं चिकटवून त्यांवर रेटून पन्हळ्या पाडल्या. कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. मी घातले नाहीत आणि चार दिवस अंगठ्याला पट्टी होती. गंजासाठी रंग शोधू नका. जुन्या सायलेन्सरवरचा खरा गंज खरवडून पूड करा आणि ओल्या रंगावर भुरभुरवा. गंजासारखा दिसणारा गंजाशिवाय दुसरा रंग नाही.

या यशानं मी चढलो आणि वाटलं, मग तेलाचे डागही खऱ्या जळक्या ऑइलचेच द्यावेत. तीन थेंब टाकले. सकाळी सगळी फरशी काळी आणि भिंतीही दोन बोटं उंचीपर्यंत तेल प्यायलेल्या. रंग सुटायला लागला. फरशी उचकटून पुन्हा केली. तेलाचा डाग काळ्यात थोडा तपकिरी मिसळून रंगवायचा आणि सुकल्यावर त्यावर फक्त वार्निशचा हात. तेवढाच तुकडा चमकतो आणि ओला वाटतो.

आत गाडी हवी. बाबांचा हात बसलेला तो फियाटवर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावानं ओळखली जाणारी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा. ती सुमारे ३.९ मीटर लांब, म्हणजे आपल्याकडे साधारण सोळा सेंटिमीटर. पुठ्ठ्यात तिचं तोंड आणि बॉनेट जमलं, पण मागची काच आणि टप काही केल्या जमेना. मग मी लबाडी केली. मागच्या अर्ध्या गाडीवर बनियनच्या चिंधीचं कव्हर घातलं.

हे सगळं चालायचं जेवणाच्या टेबलावर, रात्री नऊनंतर. बाबा जाता-येता बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री थांबले. चष्मा वर केला.

"गाडी कामाला घेतल्यावर कव्हर घालून ठेवतात होय रे?"

मी काय सांगणार? म्हणालो, "मागची बाजू जमली नाही."

"असू दे. एक होती तशी. मालक परत आलाच नाही. सहा वर्षं उभी होती." खुर्ची ओढून बसले. "ही ट्यूब मधोमध का लावलीस? पिटच्या वर होती. आणि तिरकी. डावी दोरी आखूड."

फोटो काढून बघितला. तिरकी होती. मी ती सरळ असल्याचं गृहीत धरलं होतं.

त्या रात्रीपासून रोज चुका निघायला लागल्या. हात धुवायचा डबा नाही, त्यात कपड्यांचा सोडा आणि लाकडाचा भुसा असायचा. कॅलेंडर दोन हवीत, एक मराठी, एक कन्नड, कारण गिऱ्हाइकं दोन्हीकडची. शेगड्याचा दांडा इकडं नाही, तिकडं, बाबा डावखुरे. तीस वर्षं मी ज्यांना बाबा म्हणतोय ते शेगडा डाव्या हातानं फिरवायचे, हे मला पुठ्ठ्याच्या शेगड्यामुळं कळलं.

भिंतीवर पान्यांचा फळा होता. प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून दिसावं. मी नखं कापायच्या कात्रीनं पत्र्याचे पाने कापले. आठ मिलिमीटरचे, चिमट्यानं धरून. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, सगळे ओळीत लावले. या फळ्यावर मी खूश होतो.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चौदा-पंधरा काढ."

"का? आकृती आहे की तिथं. फोटोत पण आहे."

"आकृती आहे. पाना कधी नव्हता. तो अण्णाच्या मागच्या खिशात असायचा."

अण्णा म्हणजे आमच्या गॅरेजमधले अण्णा. सत्तावीस वर्षं बाबांबरोबर होते. माझ्या चाळीस फोटोंत ते कुठंच नव्हते, कारण फोटो काढले तेव्हा गॅरेज बंद होतं. आणि माझ्या बारा इंचांतही मी त्यांच्यासाठी काही ठेवलं नव्हतं. स्टूल नाही, डबा नाही, शर्ट टांगायचा खिळासुद्धा नाही. मी चिमट्यानं पाना काढला. खाली पांढरी आकृती तेवढी राहिली.

बाबा त्या जागेकडे बघत म्हणाले, "विकायचं ठरलं तेव्हा त्याला मी फोनवर सांगितलं. घरी जाऊन सांगायला हवं होतं. पैसे दिले, पण गेलो नाही. नंतर फोन पण झाला नाही." मग उठून झोपायला गेले.

विकायचं मी म्हटलं होतं. अण्णांचं काय, हे मी विचारलंच नव्हतं. त्या रात्री मी दुसरं काही केलं नाही, एक स्टूल केलं. आइस्क्रीमच्या काडीचं, पाऊण इंच उंचीचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी फोन लावला. आत जाऊन, दार लोटून. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "खंडेनवमीला येतो म्हणाला."

खंडेनवमीला दरवर्षी गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. यंदा हत्यारंच नव्हती. आईनं टेबल पुसलं, छोट्या गॅरेजच्या शटरला झेंडूच्या पाकळ्या लावल्या. अख्खं फूल दारापेक्षा फार लहान नव्हतं. अण्णा सकाळीच आले, नवा शर्ट घालून. बाबा आणि ते काही क्षण एकमेकांसमोर नुसते उभे राहिले. मग अण्णा वाकून गॅरेजात डोकावले. आत एक छोटा दिवा आहे, नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालणारा. तो मी लावला.

"स्टूल उंच झालंय," अण्णा म्हणाले. "एक पाय तुटला होता, मग चारीही कापले होते."

"कधी कापले?" बाबा.

"तुम्ही पंढरपूरला गेला होता तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही कुठं बसत होता त्याच्यावर?"

मग पिट किती खोल होता यावर वाद सुरू झाला आणि आईनं कुंदा आणून ठेवला तरी थांबला नाही. मध्येच बाबांनी फळ्याकडे बोट केलं. "चौदा-पंधरा कुठाय?"

"घरी हाय. सायकलीला लागतो." अण्णांनी जरा थांबून विचारलं, "आणून देऊ?"

"नको. राहू दे तुझ्याकडं."

स्टूलचे पाय मी नंतर कापले, दोन मिलिमीटरनं. पाना परत लावला नाही.

मंडळी, पुठ्ठा आणि गोंद कुठंही मिळतो. तुमच्या घरातलं एखादं दुकान, गिरणी, आजीचं स्वयंपाकघर, माडी जायच्या वाटेवर असेल, तर या रविवारी टेप घेऊन जा. लांबी, रुंदी, उंची, दाराची जागा लिहून ठेवा. फोटो काढा, आणि ते तिथं काम करणारं माणूस हजर असताना काढा. बांधायचं की नाही ते नंतर ठरवता येईल. कोपरा कसा कापायचा, शटर कसं सोलायचं, यात अडलात तर मला विचारा. पिट किती खोल होता ते मात्र मला विचारू नका, आमच्याकडे तो वाद अजून चालू आहे.