छोटी गाडी गेली, तिच्या गोष्टी तरी राहोत

जुनी आगगाडी, शाळेचे दिवस आणि गावात आलेली पहिली मोटार हे विषय निघाले की घरातली वडीलधारी माणसे खुलतात आणि नातवंडे हळूच उठून जातात. अशा आठवणींना आपण 'रम्य' म्हणतो व तेवढ्यावरच सोडून देतो. माझे मत निराळे आहे. त्या आपल्या समाजाचा पुरावा आहेत, म्हणून त्या जपल्या पाहिजेत. आणि जपायच्या तर आजच.

हे सुचले ते सौंसरमुळे. सौंसर माझे आजोळ. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्य प्रदेशात नवा पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा नागपूर–इटारसी या मोठ्या लाइनीवर आहे, तर सौंसर नागपूर–छिंदवाडा या छोट्या लाइनीवर. सुटीत आम्ही ग्वाल्हेरहून निघून पांढुर्ण्यास उतरत असू आणि तेथून भाड्याच्या जुन्या अँबॅसडरमध्ये दाटीवाटीने बसून सौंसर गाठत असू. मात्र मामा नागपूरला घेऊन जाणार म्हटले की जायचे ते छोट्या गाडीनेच.

ही गाडी अडीच फुटी रुळांवरची. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी स्टेशने घेत ती सुमारे दीडशे किलोमीटरची वाट संथपणे कापी. डब्यात संत्र्यांच्या करंड्या, भाकरी-ठेच्याचे डबे आणि अखंड गप्पा. माझे वडील ग्वाल्हेर दरबारचे पखवाजी. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी सणावारी वाड्यात वाजविण्याची त्यांची सेवा पुढे पुष्कळ वर्षे चालली. एकदा ते बरोबर होते, तेव्हा रुळांच्या सांध्यांच्या ठेक्यावर त्यांनी मला सोळा मात्रा मोजायला लावल्या. लयीचा तो पाठ मी आजही विद्यार्थ्यांना सांगतो.

परंतु माझी आठवण ती केवढी! खरी गोष्ट थोरल्या मामांची. त्यांच्या शाळकरी दिवसांत नागपूर हीच राजधानी होती. पुढच्या शिक्षणाला निघालेला सौंसरचा मुलगा पत्र्याची पेटी घेऊन छोट्या गाडीत चढे आणि आपल्याच भाषेच्या शहरात उतरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि सौंसरची राजधानी भोपाळ झाली. केळोद आणि लोधीखेडा यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. गाडी मात्र पूर्वीसारखीच ये-जा करीत राहिली. सोयरीक, दवाखाना, बाजार आणि कॉलेज यांसाठी सौंसरची माणसे नागपूरलाच जात राहिली. सीमेपलीकडे मराठी टिकली, त्यात या संथ गाडीचाही वाटा आहे, असे मी मानतो.

२०१५ साली ही छोटी लाइन रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांत मी नाही. मोठी लाइन हवीच होती. दवाखान्यात निघालेल्या रोग्याला संथपणाचे काय कौतुक? आमच्या ग्वाल्हेरची दोन फुटी गाडीही मार्च २०२० मध्ये थांबली ती पुन्हा सुटली नाही. महाराजांच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी तेवढी जयविलास राजवाड्यात राहिली आहे. नागपुरात मोतीबागेला छोट्या गाड्यांचे संग्रहालय आहे, तेथे जुनी इंजिने पाहावयास मिळतात. थोडक्यात, लोखंड जपण्याची सोय आपण केली आहे. त्या डब्यांत बसणाऱ्या माणसांच्या बोलण्याचे काय?

येथे मला पंडित भातखंडे आठवतात. उस्तादांच्या कंठात असलेल्या चिजा त्यांच्याबरोबर जातील, हे ओळखून भातखंडे दारोदार फिरले, ऐकले, स्वरलिपीत लिहिले आणि क्रमिक पुस्तकांतून छापले. १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय निघाले, तेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. कागदावरच्या स्वरांत गायकी उतरत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटाही नाही. पण लिहिले नसते, तर आक्षेप घ्यायलाही चीज उरली नसती!

नव्या जिल्ह्यातील शिक्षकांना म्हणूनच माझी विनंती आहे. आठवीच्या प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्धाजवळ तासभर बसावे. शाळेत कसे जात होता, वर्गात कोणती भाषा होती, गाडीचे तिकीट केवढ्याला होते, गावात पहिली मोटार कोणाकडे आली, हे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. खिशातल्या फोनवर त्यांचा आवाजही टिपावा, कारण तिकडच्या मराठीचे नागपुरी वळण आणि मध्येच येणारा हिंदीचा हेल कागदावर पुरता उतरत नाही. याला समिती नको, अनुदान नको.

१९५६ पूर्वी त्या गाडीने नागपूरच्या शाळेत गेलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची नातवंडे बहुधा हिंदीतून शिकतात. आजोबांची गोष्ट मराठीतून ऐकण्याची आणि लिहिण्याची ही संधी त्या मुलांना पुन्हा मिळणार नाही. थोरले मामा गेले, तेव्हा त्यांच्या पेटीत शाळेच्या दोन वह्या निघाल्या. आवाज मात्र कोणाकडेच नाही.