पायताणाचा खर्च कुठे मांडायचा?



उत्पादन खर्चाचा कागद आपण इतक्या वेळा भरला आहे की त्यातले रकाने आता तोंडपाठ झाले आहेत. नांगरट, वखरणी, बियाणे, खत, डवरणी, निंदण, औषध, वेचणी. बैलजोडीचा चारा, ढेप आणि देखभाल त्यात धरली जाते. नालबंदाला दिलेले पैसेही त्या देखभालीतच बसतात. ट्रॅक्टरचे टायर झिजले तर घसारा लागतो. मग त्याच तासातून बैलाच्या मागे दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या पायात जे काही असते, त्याचा खर्च कोणत्या रकान्यात? त्याला रकाना नाही. तो मजुरीतून भागला असे समजायचे. घरच्या माणसाची मजुरी कागदावर कशी धरतात आणि हातात किती पडते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कापसाचा भाव, आयात शुल्क, कर्ज हे सगळे सोडून चपलेवर अग्रलेख कशाला, असे काही जण म्हणतील. म्हणू द्या. ज्या धंद्यात कामाचे साधन म्हणजे माणसाचे दोन पाय, त्या धंद्यात पायाचा विषय हलका होत नाही. कारखान्याने कामगाराला बूट घेतले तर तो धंद्याचा खर्च होतो. शेतकऱ्याने घेतले तर ती चैन होते.

आपल्या घरांत चपलेचे दोन प्रकार असतात. एक बाजाराची, एक वावरातली. बाजाराची म्हणजे तालुक्याला, लग्नाला, बँकेत जायची. ती पुसून खुंटीखाली ठेवलेली असते. ती जुनी झाली, टाच झिजून भोक पडले, बंद तुटून तिथे सेफ्टी पिन आली, की ती वावरात जाते. बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा घरधन्याने किंवा पोराने टाकलेली येते, मापाची असो वा नसो. म्हणजे पायाला जिथे सर्वांत जास्त धोका, तिथे सर्वांत वाईट पायताण. हे अडाणीपणातून झालेले नाही. हातातला पैसा आधी बँकेच्या साहेबापुढे उभे राहण्यापुरता खर्च होतो, वावरापर्यंत तो पोचत नाही.

रबराच्या स्लिपरला आम्ही नावे ठेवणार नाही. त्याआधी काय होते? गावातला चांभार बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची वहाण बलुत्यावर करून द्यायचा. ती जड, टिकाऊ आणि तेल पाजून मऊ ठेवावी लागणारी. पण ती गावात सगळ्यांच्या पायात नव्हती. वेशीतून जाताना वहाण हातात घेऊन चालायला लावलेली माणसे याच गावांत होती, आणि वडीलधाऱ्यांसमोर बाईने चप्पल घालू नये हा शिरस्ता तर पुष्कळ घरांत अगदी अलीकडेपर्यंत पाळला गेला. मग टायरच्या चपला आल्या, मग स्लिपर आली. स्वस्त, धुता येणारी, कोणत्याही जातीच्या पायाला चालणारी. तिने कोरडवाहू माणसाला पहिल्यांदा बारमाही पायात काहीतरी दिले. तिचे उपकार मानूनच पुढचे बोलायचे आहे.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात स्लिपर का निघते, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. दहा पावलांत तळाला दोन-दोन शेर चिखल लटकतो, अंगठा निसटतो, बंद तुटतो. मग माणूस ती धुऱ्यावर काढून ठेवतो आणि अनवाणी शिरतो. पेरणीला तर अनवाणी चालण्यात शहाणपणही आहे. वाफसा आला की नाही हे टाचेला जितके लवकर कळते तितके यंत्राला कळत नाही, आणि तिफणीमागे चालणाऱ्याला दाणा किती खोल पडतो याचा अंदाज पायानेच येतो. खळ्यावर चप्पल नेऊ नये ही रीतही कोणी मोडावी असे आम्हांला वाटत नाही. पण पेरणी चार दिवसांची. वर्षातल्या उरलेल्या दिवसांचे काय?

ज्वारी कापली की धसकटे उभी राहतात. तिरपी कापलेली असतात, सुऱ्यासारखी. स्लिपरचा तळ त्यांना अडवत नाही आणि बाजू तर उघडीच. पऱ्हाटी उपटल्यावर राहिलेली खुंटे, धुऱ्यावरची बाभूळ, बोर, सराटा. काटा मोडून आत राहिला की कुरूप होते. ते कापत-कापत वर्षानुवर्षे लंगडणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. मातीत मळलेली जखम म्हणजे धनुर्वाताला वाट. शिवाय आता खेड्यातही मधुमेह आला आहे. मधुमेही माणसाच्या पायाची जाणीव कमी होते, धसकट लागल्याचे त्याला संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसल्यावर कळते, आणि तीच जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. ज्यांना साखर आहे त्यांनी वावरात अनवाणी किंवा उघड्या चपलेत पाऊल टाकू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कापसाचा मुलूख शंभर वर्षांपूर्वी आपल्यासारखाच अनवाणी होता. तिथल्या गरीब शेतकऱ्यांना आळशी म्हणायची रीत होती. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्यांच्या पोटात अंकुशकृमी आहे. त्याची अळी मातीतून अनवाणी तळपायाच्या कातडीतून आत शिरते आणि पुढे आतड्यात बसून रक्त पिते. वर्तमानपत्रांनी थट्टेने त्याला 'आळसाचा जंतू' म्हटले. १९०९ साली रॉकफेलरच्या पैशातून मोहीम निघाली, तेव्हा तपासणीत शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना हा कृमी निघाला. औषध, संडास आणि पायात बूट, एवढ्यावर आळस बराच हटला! शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या अंगातले रक्त मोजावे.

आता सापाचे. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे ऐन निंदण-फवारणीच्या दिवसांतले. मेलेले बहुतेक खेड्यातले. आपल्याकडे जीव घेणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. मण्यार रात्री घरात, जमिनीवर झोपलेल्याला चावते; तिथे चपलेचा उपयोग नाही, खाट आणि मच्छरदाणी हवी. पण घोणस आणि फुरसे वावरात, गवतात, कडब्याच्या गंजीखाली दडून असतात आणि पाय पडला की चावतात. दंश बहुधा गुडघ्याच्या खाली, पावलावर किंवा घोट्याजवळ होतो. नेमका तेवढाच भाग स्लिपर उघडा टाकते. घोट्याच्या वर जाणारा बूट, हातात काठी आणि रात्री बॅटरी, एवढ्याने बराच धोका टळतो. जिथे अजून रात्रीच्या पाळीची वीज आहे, तिथे पाणी द्यायला स्लिपरवर जाणारा माणूस काय पणाला लावतो, ते वीज देणाऱ्यांनी एकदा बघावे.

दंश झालाच तर घट्ट आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. पाय हलू न देता माणसाला उचलून दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावर सर्पविषाची लस हेच औषध. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करू असे त्यात म्हटले आहे. आराखड्याचा कागद आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचला का, हे आपल्यालाच जाऊन पाहावे लागेल.

सर्वांत जास्त बोलायचे आहे ते फवारणीबद्दल. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यांत पडली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, औषधांची मिश्रणे केली गेली, आणि सरकारी चौकशी बसली तेव्हा बोट आधी शेतकऱ्याकडे वळले की त्याने हातमोजे, बूट घातले नव्हते. बरोबर, घातले नव्हते. डब्यावरच्या बारीक अक्षरात ते लिहिलेलेही असते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. पण डबा विकणाऱ्या दुकानात बूट मिळतो का? औषध उधारीवर मिळते, बूट रोखीने तालुक्याहून आणावा लागतो.

शेतीशास्त्र शिकलेल्या माणसांनी साध्या भाषेत सांगायची गोष्ट सांगून टाकतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे नुसती नाकातोंडातून जात नाहीत, कातडीतून जातात. फवारत पुढे चाललात की ओल्या झालेल्या पानांतूनच नडगी आणि पाऊल जाते. पाठीवरची टाकी गळत असेल तर धार कमरेवरून मांडीवर, मांडीवरून टाचेवर. स्लिपरवर पाऊल दिवसभर औषधात भिजत राहते. कातडी चप्पल तर त्याहून वाईट: कातडे औषध पिते, धुऊन जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच चप्पल घालून माणूस गावभर फिरतो. फवारणीला रबराचा गमबूटच हवा. त्यातही पँट किंवा पायजमा बुटाच्या आत खोचू नये, बाहेरून सोडावा. आत खोचला तर ओघळ सरळ बुटात उतरतो आणि पाय विषात बुडून राहतो. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करू नये. संध्याकाळी बूट बाहेरून साबणाने धुऊन उलटे टांगावेत, घरात आणू नयेत. उकाडा होतो, गमबुटात पाय उकडतो, हे खरे आहे. म्हणून फवारणी सकाळी लवकर करावी आणि ऊन तापले की थांबावे.

आता एक कडू गोष्ट. आपल्यातले पुष्कळ जण स्वतः फवारत नाहीत, मजूर लावतात. मग त्या मजुराच्या पायाचा मालक कोण? सरकारकडे बोट दाखवून आपण यातून सुटणार नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंश, विषबाधा यांनी मृत्यू आला तर दोन लाख रुपये मिळतात. पण ते सातबारा असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मजूर, ती वेचणारी बाई, यांच्यासाठी त्यात जागा नाही. त्यांचा समावेश करा ही मागणी आपण करावी असे आम्हांला वाटते, आणि मागणी करायच्या आधी फवारणाऱ्याला बूट देऊनच टाकी भरून द्यावी. प्रत्येक घराला परवडणार नाही तर चार घरांनी मिळून दोन मापांचे दोन जोड घ्यावेत. तालुका शाखेने एकगठ्ठा खरेदी केली तर दर उतरतो. बायांच्या मापाचे आवर्जून मागवावेत, दुकानदार ते ठेवत नाहीत.

करापुरते बोलायचे तर १ जानेवारी २०२२ ला हजार रुपयांच्या आतल्या चपलेवरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के केला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर तो पुन्हा ५ टक्के झाला. मधली पावणेचार वर्षे स्लिपरवर जास्त भरलेला कर कोणी परत दिला नाही.

आणि याच काळात चपलेचे एक नवलही घडले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला नाव-गाव न सांगता मिरवल्या. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा माल. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपले ज्वारीचे सोलापूर यांचे नाव त्यावर आहे, कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचेही. बोंब झाल्यावर कंपनीने मूळ कबूल केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. एक जोड सुमारे ८०० युरोला, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दहा क्विंटल कापूस घालावा तेव्हा एक जोड! कारागिराला त्यातून चांगले दाम मिळत असतील तर आम्हांला आनंदच आहे. कातडे ज्या जनावराचे, त्याला पोसणाऱ्याला मात्र त्यातले काही नाही. उलट मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आल्यावर म्हाताऱ्या बैलाच्या पैशात नव्या जोडीचा काही भाग निघायचा तोही बंद झाला. तो हिशेब मोठा आहे, वेगळ्या अंकात मांडू.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने दोन गोष्टी आणाव्यात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पविषाची लस आहे का, किती कुप्या आहेत, आणि रात्री ती टोचायला कोण असते, हे विचारून तारखेसह लिहून आणावे. दुसरे, उत्पादन खर्चाच्या कागदावर 'औषध' या रकान्याखाली एक ओळ वाढवावी: पायताण. मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत घरात वावरासाठी किती जोड घेतले, कोणाच्या पायासाठी, किती रुपयांचे. बाईचा आणि सालदाराचा वेगळा लिहावा. आकडा शून्य असेल तर शून्यच लिहावा.