आठ सुतांचा इंच

वर्ध्यात ‘सूत’ म्हटलं की बाहेरच्या माणसाला चरखा आठवतो. सिंदी मेघेत वाढलेल्या मला हार्डवेअरचं दुकान आठवतं. तिथे आठ सुतांचा एक इंच होतो. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, सळई कारखान्यातून मिलिमीटरमध्ये येते, तरी काउंटरवर दहाची सळई अजून ‘तीन सूत’ आणि बाराची ‘चार सूत’च असते. ही भाषा मी शाळेत शिकलो नाही. वडील चिठ्ठी न देता दुकानात पाठवायचे, तिथे शिकलो.

“काका, बिजागरी द्या,” म्हटलं की काका आधी विचारायचे, “दार कायचं हाय? सागाचं का बाभळीचं? जुन्याच भोकात बसवाची का?” मला उत्तर यायचं नाही. “जाय, जुनी काढून आण.” मग मी गंजलेली बिजागरी घेऊन परत जायचो. काका तिच्यावरून अंगठा फिरवायचे, मागच्या भिंतीकडे वळायचे आणि तिची जोडीदार काढून द्यायचे. त्या भिंतीवर खोक्यांची रांग होती. प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला आतल्या मालाचा एक नग तारेनं बांधलेला असायचा. कोयंडा, कडी, चुका, वायसर, सगळ्यांची ओळख बाहेरच टांगलेली. वाचता न येणाऱ्या मजुरालाही बोट दाखवून हवं ते मागता येई.

रेल्वेची सिंदी वेगळी, ती सेलू तालुक्यात. आमची सिंदी मेघे वर्धा शहराला खेटून. शहर जसजसं सरकत आलं तसतशी इथली शेतं ले-आउट झाली. सावंगीला 1990 मध्ये मेडिकल कॉलेज आलं आणि या बाजूला घरांची मागणी आणखी वाढली. मास्तर, रेल्वेतले लोक, दवाखान्यातले कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून प्लॉट घेऊ लागले. काकांच्या वडिलांनी टिनाच्या शेडमध्ये विळे, फावडी, घमेली आणि दोर मांडले होते. मुलांनी त्याच जागी सिमेंट, सळई, पाइप आणला. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीतून माल यायचा. नळाच्या लोखंडी पाइपाला आटे पाडायचं काम दुकानासमोर फुटपाथवर चालायचं. तेल सोडल्याचा तो वास माझ्या नाकात अजून आहे. घर बांधणारा माणूस पायाभरणीपासून वास्तुशांतीपर्यंत रोज तिथे यायचा, खात्यावर लिहून न्यायचा आणि पगार झाला की पैसे आणून द्यायचा. मिस्त्री हवा, सुतार हवा, तरी विचारायचं तिथेच.

या धंद्याचं गणित मला फार उशिरा कळलं. सिमेंट-सळईत नफा बारीक, पण पैसा लवकर फिरतो. वायसर, कोयंडा, जुन्या मापाची बिजागरी यांत सुटतं बरं, पण एकेक नग वर्ष-वर्ष पडून राहतो. मोठ्या मालाच्या जिवावर हा बारीक माल जगत होता. सिमेंट घ्यायला आलेला माणूस जाताना कोयंडा न्यायचा, म्हणूनच कोयंडा ठेवणं परवडायचं.

पुढे घराचं कंत्राट ‘मटेरियलसकट’ जाऊ लागलं. चौरस फुटाचा भाव ठरला की घरमालकानं दुकानात पाय ठेवायचं कारणच उरलं नाही. ठेकेदारानं सिमेंट-सळई थेट मोठ्या विक्रेत्याकडून उचलली. लोखंडी पाइप गेला, प्लास्टिकचा आला, आटे पाडायचं यंत्र कोपऱ्यात गेलं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर हजार प्रकारच्या बारीक मालाचा हिशेब संगणकात घालायचं काम वाढलं. काकांची मुलं पुण्याला नोकरीला लागली. त्यांना दोष कसा द्यायचा? आयुष्यभर उभं राहून झिजलेले आपल्या बापाचे गुडघे त्यांनी पाहिले होते.

दोष द्यायचाच तर तो मला. नळ गळला की मी अख्खा नळ बदलू लागलो. मोबाइलवर मागवलेला नळ दुसऱ्या दिवशी दारात येतो, पण दोन रुपयांचं वायसर कुणी घरी आणून देत नाही. दुरुस्ती संपली की दुरुस्तीचं दुकानही संपतं. आमच्यापासून थोड्याच अंतरावर मगनवाडी आहे. 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चाललं. वस्तू विकत घेणाऱ्यावरही जबाबदारी असते, असं जे. सी. कुमारप्पा तिथे बसून सांगत होते. मगन संग्रहालयात मी पाहुण्यांना कितीदा नेलं, पण ती गोष्ट माझ्या घरच्या नळाला लागू आहे, हे मला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात त्या दुकानावरून जाताना अर्धं शटर वर दिसलं. आत भंगारवाल्याचा काटा लावलेला होता. खोकी रिकामी होत होती. जो माल जन्मभर नगावर विकला, तो किलोवर चालला होता. पितळ एकीकडे, लोखंड एकीकडे. काका खुर्चीत बसून होते. मला काय बोलावं कळेना. मी म्हणालो, “काका, मागच्या दाराची एक बिजागरी पाहिजे होती.”

त्यांनी मान वर केली. “दार कायचं हाय?”

“सागाचं. चार इंची. जुन्याच भोकात बसवायची.”

काका उठले. भंगारवाल्याला हातानं थांबवून त्यांनी ढिगात हात घातला, एक बिजागरी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. दुसरी उचलली. ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिली आणि सोबत आठ स्क्रू मोजून टाकले.