सुई तिच्या मानेत, मारणारा घरात!

मैत्रिणींनो, पनवेलच्या आमच्या बैठकीत एकीने विचारलं, "मानेत इंजेक्शन दिलं की धडधड, दचकणं थांबतं म्हणे?" थांबेलही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आघातग्रस्त ११३ अमेरिकी लष्करी व्यक्ती होत्या. मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीजवळ भुलीचं औषध दिल्यावर, ८ आठवड्यांनी त्यांचा त्रास खोट्या सुईच्या तुलनेत अधिक उतरला. पण सैनिक आघाडीवरून घरी परततो; आमच्या बाईची आघाडी घरातच आहे! मारणारा मोकळा, आणि बधिर करायचं तिला? सुईला माझा विरोध नाही. पूर्ण माहिती आणि तिची संमती मात्र हवीच. त्याआधी २००५ च्या कायद्यातला संरक्षण आदेश आणि राहत्या घराचा हक्क तिच्या हातात द्या. मग सुईचं बोलू.