पट्ट्याचं वय

मरहूम भाईजानांची ऑक्टाव्हिया चार वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. औरंगाबादच्या शेंद्रा वसाहतीत २००१ पासून या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यांपैकीच ही एक, १.९ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. भाभींनी चावी हाती दिली, तशी आम्ही घाईघाईने नवी बॅटरी बसवली. मिस्त्रींनी हात धरला. "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

भाईजानांची वही काढली. बेल्ट बदलल्यावर गाडी फार धावली नव्हती, पण साल होतं २०१२. रबराचं वय किलोमीटरवर मोजतात, तसं वर्षांवरही. हा पट्टा क्रँक आणि कॅम यांना एका तालात फिरवतो. तो तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच हातचं जातं.

बेल्टबरोबर टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंपही बदलले. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. मिस्त्रींनी खुणा जुळवल्या, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, खुणा पुन्हा तपासल्या, नवं ऑइल भरलं. मगच चावी फिरली. लांबून आल्यावर टर्बोसाठी गाडी मिनिटभर चालू ठेवा, ही त्यांची ताकीद.

ओळखीचा आवाज ऐकून भाभी दारात आल्या. काही बोलल्या नाहीत. आम्ही भाईजानांच्या अक्षराखाली आजची तारीख लिहिली.

तुमच्याही अंगणात अशी आठवण उभी असेल, तर आधी वही उघडा. वही नसेल, तर पट्टा जुनाच समजा.