शवप्रदर्शन

शवप्रदर्शन हा शब्द गोव्यातल्या माणसाला दचकवत नाही. दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन होते, वृत्तपत्रांत हाच शब्द छापून येतो आणि हिंदू असो वा ख्रिस्ती, आपण गोंयच्या सायबाचे दर्शन घेऊन येतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या सोहळ्यात मीही रांगेत उभा राहिलो होतो. त्यामुळे जतन केलेला मानवी देह पाहणे मला नवे नव्हते. निदान असा माझा समज होता.

तो समज गेला सचिनला. क्रिकेटचा सचिन नव्हे! सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या लोहमार्गावर या नावाचे गाव आहे. एके काळी तिथे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबाचे संस्थान होते. आज मोठी औद्योगिक वसाहत आहे, कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने आहेत आणि दूरदूरच्या राज्यांतून पोट भरायला आलेले कामगार आहेत. माझी बहीण लग्नानंतर तिथेच स्थायिक झाली. तिची मुलगी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. "मामा, आमचं अ‍ॅनाटॉमी म्युझियम बघायला येतोस?" तिने विचारले आणि मी उत्साहाने निघालो.

दार उघडताच फॉर्मेलिनचा उग्र वास डोळ्यांत गेला. भिंतीलगत काचेच्या बरण्या. एकीत हृदय, एकीत मेंदूचे काप, एका फळीवर महिन्यांच्या क्रमाने मांडलेले गर्भ. एका कोपऱ्यात बरणीविना, कोरडाच ठेवलेला एक हात होता. "हा प्लॅस्टिनेशन केलेला," भाचीने सांगितले. आधी फॉर्मेलिनने ऊती टिकवायच्या, मग अतिथंड अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून त्यांतले पाणी काढायचे, मग निर्वात पेटीत अ‍ॅसिटोन उडवून त्याच्या जागी सिलिकॉन भरायचे. गुंथर फॉन हागेन्स या जर्मन संशोधकाने १९७७ साली हायडेलबर्ग येथे ही पद्धत शोधली. असा हात ना कुजतो, ना वास मारतो.

त्या हातावर प्रत्येक शिरेला, प्रत्येक स्नायूला चिठ्ठी होती. मीडियन नर्व्ह, अल्नर नर्व्ह, रेडियल आर्टरी. अंगठ्याचे नख तेवढे शाबूत होते. जाड, कडेने तडकलेले. कष्टाच्या हाताचे असावे असे मला वाटले. कदाचित तो माझा खेळ असेल.

"हा कोणाचा गं?"

"नाव नसतंच मामा. जुने नमुने बहुतेक बेवारशी देहांचेच."

सगळ्या नसांना नावे होती, माणसाला तेवढे नव्हते.

यात बेकायदेशीर काहीच नाही. १९४९ च्या मुंबई राज्याच्या शरीरशास्त्रविषयक कायद्यानुसार, ठरावीक मुदतीत कोणी नातलग पुढे आला नाही तर बेवारशी देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. गुजरातला हा कायदा मुंबई राज्याकडूनच मिळाला. आपल्या डॉक्टरांच्या किती पिढ्या याच देहांवर शिकल्या! १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झालेले भाऊ दाजी लाड आमच्या पेडण्याचे, मांद्र्याचे. त्यांचा अभिमान आपण सांगतो. पण त्यांना शरीर शिकवणारे देह कोणाचे होते, हे कोण विचारतो?

त्या संध्याकाळी सचिनमध्ये पाळी सुटली आणि रस्ता कामगारांनी भरून गेला. यातला एखादा इथे अचानक गेला, तर हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या त्याच्या घरी निरोप केव्हा पोचेल? मुदतीच्या आत? बेवारशी म्हणजे वारस नसलेला असे आपण समजतो. पुष्कळदा वारस असतो, फक्त पोचलेला नसतो.

हा प्रश्न साऱ्या जगाला पडलेला आहे. फॉन हागेन्सने आपल्या 'बॉडी वर्ल्ड्स' या फिरत्या प्रदर्शनांतले देह दात्यांनी स्वेच्छेने दिलेले असल्याचे सांगितले. तरी २००४ साली कवटीला जखमा आढळल्यामुळे त्याला काही देह चीनला परत पाठवावे लागले. दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या प्रदर्शनातले देह चीनमधले बेवारशी होते. ते फाशी दिलेल्या कैद्यांचे नाहीत हे आम्ही सिद्ध करू शकत नाही, असे २००८ मध्ये त्या कंपनीला न्यूयॉर्कमध्ये जाहीर करावे लागले. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात चार्ल्स बर्न या अतिउंच आयरिश माणसाचा सांगाडा होता. मेल्यावर आपल्याला समुद्रात बुडवा, असे तो सांगून गेला होता. १७८३ साली तो वारला आणि डॉ. जॉन हंटरने पैसे मोजून त्याचा देह मिळवला. तो सांगाडा प्रदर्शनातून काढायला २०२३ साल उजाडले.

आता मला दोष काढायचा आहे तो संग्रहालयाचा नाही, माझाच.

माझे वडील शाळामास्तर. त्यांनी देहदानाचा अर्ज भरून कपाटात ठेवला होता, मला दोनदा दाखवलाही होता. अकरा वर्षांपूर्वी ते पहाटे गेले. अंगणात माणसे जमली. आत्या म्हणाली, "गती मेळची ना रे पुता." आई काही बोलली नाही. देहदानाचा अर्ज ही केवळ इच्छा असते. देह सोपवायचा तो घरच्यांनी. मी कपाट उघडले नाही. दुपारपर्यंत स्मशानातून परत आलो होतो.

सचिनच्या त्या हातासमोर मला कळले की आपण किती उलटा व्यवहार करतो. ज्याने देह देऊ केला त्याचा आपण जाळून टाकतो आणि ज्याला कोणी विचारलेही नाही त्याचा बरणीत ठेवतो. शिकायला देह लागणारच. मग तो नेहमी निनावी गरिबानेच का द्यावा?

धर्माची आडकाठी मला पटत नाही. आपल्याच पुराणात दधीचीने अस्थी दिल्या. २०१० साली सहा आठवड्यांच्या अंतराने ज्योती बसू आणि हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख गेले. एक कट्टर कम्युनिस्ट, दुसरे संघाचे. दोघांचेही देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आले. जिवंतपणी कशावरच एकमत नसलेल्यांचे यावर झाले!

भाचीच्या वर्गाने पहिल्या दिवशी मृतदेहासमोर शपथ घेतली होती, हा आमचा पहिला गुरू म्हणून. ही चांगली प्रथा आता बऱ्याच ठिकाणी रूढ झाली आहे. पण गुरूने गुरुपद स्वतः स्वीकारलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा. आणि संग्रहालयांनी दारावर एक पाटी लावावी: यातले किती देह दिलेले, किती मिळालेले.

गोव्यात परतल्यावर मी अर्ज भरला. कपाटात ठेवला नाही. मुलाला आणि सुनेला समोर बसवून वाचून दाखवला. मृत्यूनंतर काही तासांतच कळवावे लागते, नेत्रदान आधी करता येते, शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, सगळे सांगितले. मुलगा गप्प होता. शेवटी म्हणाला, "बघू."

मीही वडिलांना हेच म्हणालो होतो.