वडापाव आणि साखर : बंदीपेक्षा हिशेब बरा

मधुमेहाचे निदान झाले, की पहिला सल्ला मिळतो तो ‘बाहेरचे खाणे बंद’ असा. सल्ला चुकीचा नाही. पण सकाळची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या माणसाला तो पाळणे जमत नाही. तो वडापाव खातोच आणि डॉक्टरांपासून लपवतो. रिपोर्टमध्ये साखर वाढलेली दिसते, कारण कळत नाही आणि गोळ्या मात्र वाढतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्या लोकांना नुसती बंदी सांगून भागणार नाही. कसे खावे, हेही शिकवायला हवे.

‘गोड नाही, म्हणजे साखर वाढत नाही’ हा समज आधी सोडावा. वडापावात मैद्याचा पाव आणि आत बटाटा. दोन्हींचे शरीरात ग्लुकोजच होते. सोबत 300 मिलिलिटर कोला घेतला, तर आणखी सुमारे 30 ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे, पोटात जाते. तळणातल्या तेलामुळे पोट उशिरा रिकामे होते. त्यामुळे दोन तासांनी तपासलेली साखर बरी दिसली, तरी ती नंतर चढू शकते आणि बराच वेळ चढलेली राहते.

उपाय साधे आहेत. पाव मोजून खावा. मिसळ घेतली तर उसळ जास्त, फरसाण नावापुरते आणि पाव एकच. शक्य असेल तेव्हा काकडी, टोमॅटो, उसळ किंवा अंडे आधी खावे, पाव शेवटी. या क्रमाने साखरेची उसळी कमी होते. शीतपेयाऐवजी पाणी किंवा साखर न घातलेले ताक घ्यावे. खाल्ल्यावर 10-15 मिनिटे चालावे. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा न करणे हाही उपचारच आहे.

खरा धोका वेगळाच आहे. संध्याकाळी बाहेर खायचे म्हणून काही जण दुपारचे जेवण टाळतात, तर काही गोळी मनानेच वाढवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर यामुळे 70 च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. वडापाव तेव्हा कामाचा नाही; तेलामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते.

वडापाव रोजचा नको, हे खरेच. पण खाल्ला, तर रुग्णाने तो न लाजता सांगावा आणि डॉक्टरांनी न रागावता ऐकावा. खाण्याची खरी माहिती मिळाली, तरच औषधाचा डोस बरोबर ठरतो.